माप आणि वेळ, दोन्ही चुकलंय

'कॉर्नफ्लोअरऐवजी तेवढंच टॅपिओका पीठ सुरुवातीलाच घालून १५ मिनिटं उकळा' हे सूपवरच्या लेखातलं वाक्य कृपया बदला. टॅपिओका पीठ म्हणजे कसावा या कंदातून काढलेला नुसता स्टार्च (पिष्ट). असं केलं की सूप आधी घट्ट होतं आणि मग हळूहळू पातळ, चिकट, तार धरणारं होतं. या स्टार्चचे कण लवकर फुगतात, पण जास्त उकळल्यावर आणि जोरात ढवळल्यावर फुटतात. टोमॅटो किंवा लिंबू असेल तर आणखी लवकर. म्हणून १ चमचा पीठ २ चमचे गार पाण्यात कालवायचं (गरम पाण्यात घातलं की गुठळ्या झाल्याच!), शेवटी घालायचं आणि दुधाळ रंग जाऊन पारदर्शक चकाकी आली की लगेच गॅस बंद. कॉर्नफ्लोअर १ चमचा असेल तिथे हे साधारण २ चमचे लागतं.

आणि लेखात या पिठाला 'पौष्टिक पर्याय' म्हटलंय, ते कशाच्या आधारावर? १०० ग्रॅममध्ये ८५ ग्रॅमच्या वर कर्बोदकं, प्रथिनं जवळपास शून्य. ग्लुटेन नाही, पचायला हलकं, एवढे गुण खरे. मधुमेह असणाऱ्यांसाठी तरी ही ओळ लेखात हवीच. कसाव्याचं अख्खं पीठ वेगळं, त्यात तंतू असतात. लेखात दोन्ही एकच धरलीत.