होडी खाडीतच धुवा म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

मासेमारीची पावसाळी बंदी संपत आली की कोकणातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो: ‘होडी धुवायला केमिकल कशाला? व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करा, नाहीतर बायोडिग्रेडेबल साबण घ्या. तळ पाण्यातच खरवडा. सगळं नैसर्गिक, खाडीला काही होत नाही.’ पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, पण सल्ला चुकीचा आहे.

व्हिनेगर-सोड्याचा फेस बघून वाटतं, काय जोरात काम चाललंय! प्रत्यक्षात दोघं एकमेकांचा जोर मारतात आणि हाती उरतं मिठासारखं पाणी. वापरायचेच तर वेगवेगळे वापरा. सोड्याने चिकट डाग घासा आणि पांढऱ्या क्षारांवर व्हिनेगर लावून लगेच धुवा. ॲल्युमिनियमला मात्र व्हिनेगर लावू नका.

आता साबण. बायोडिग्रेडेबल म्हणजे निरुपद्रवी नव्हे. नेहमीच्या चाचणीला 28 दिवसांची मुदत असते. साबणाचं विघटन होईपर्यंत माशांचे कल्ले थांबून राहत नाहीत. इंजिनखालच्या तेलकट पाण्यात साबण ओतणं तर त्याहून वाईट, कारण तवंग दिसेनासा होतो पण तेल पाण्यातच पसरतं. ते फडक्याने टिपून घ्या.

खरं नुकसान होतं ते तळ खरवडताना. शेवाळ नैसर्गिक आहे हे कबूल, पण त्याच्याखालचा रंग नैसर्गिक नाही. तळाला लावतात तो लालसर रंग बहुधा तांब्याचा असतो आणि जीव चिकटू नयेत म्हणून मुद्दाम विषारी केलेला असतो. पाण्यात पत्रा घेऊन घासलात तर तोच चुरा खाडीच्या गाळात बसतो, जिथे आपण कालवं आणि तिसऱ्यांसारखे शिंपले काढतो. शिंपल्यांच्या पिल्लांना थोडं तांबंही सोसत नाही. फ्रान्समधल्या आर्काशोंच्या खाडीत तळाला लावायच्या अशाच विषारी, पण टिनयुक्त रंगामुळे कालवांचा धंदा बसला, तेव्हा 1982 साली तिथे लहान बोटींवर त्याला बंदी आली. जगभरची बंदी लागू व्हायला 2008 उजाडलं.

म्हणून होडी उधाणाच्या भरतीला वर घ्या आणि पाणी पोचणार नाही अशा जागी ठेवा. खाली ताडपत्री अंथरा. शेवाळ ओलं असतानाच गोड्या पाण्याने आणि काथ्याच्या ब्रशने घासलं तर बरंचसं निघतं, पत्रा फारसा लागत नाही. चुरा गोळा करून वेगळा ठेवा, परत खाडीत लोटू नका.

गेल्या वर्षी आमच्या एकाच होडीखालून दीड घमेलं लाल चुरा निघाला.