आयकॉन पुसून पीसी पळत नाही, भाऊ

चोपड्यापासून भुसावळपर्यंतच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘डेस्कटॉपवरचे आयकॉन डिलीट करा. नको असलेले प्रोग्रॅम जातील, जागा सुटेल. मधूनमधून रिफ्रेश मारा, पीसी पळेल.’ माझ्या क्लासच्या पोरांनीच मला तो चारदा पाठवला.

प्रोग्रॅम जात नाहीत. कोपऱ्यात छोटा बाण असलेला आयकॉन म्हणजे शॉर्टकट, नुसती पाटी. रस्त्यावरची भुसावळची पाटी उपटली म्हणून जंक्शन हलतं का? प्रोग्रॅम काढायचा तर सेटिंग्जमधून अनइन्स्टॉलच करावा लागतो.

जागेचं तर हसूच येतं. शॉर्टकट असतो एक-दोन केबीचा. असे १०० पुसले तरी मोबाइलमधल्या एका फोटोएवढी जागा सुटायची नाही. बाण नसलेली फाइल मात्र खरा माल. मेसेज वाचून तीही पुसली, तर ती रिसायकल बिनमध्ये जाते आणि बिन रिकामा करेपर्यंत जागा अडवूनच बसते. म्हणजे फाइल नजरेआड, जागा तेवढीच! डेस्कटॉप हासुद्धा सी ड्राइव्हमधला एक फोल्डरच आहे. सी फॉरमॅट केला, म्हणजे पुसून कोरा केला, की त्यावरचं सगळं गेलं. मेसेज फॉरवर्ड करायचाच तर ही माहिती पाठवा.

रिफ्रेशने पडद्यावरची चित्रं नव्याने मांडली जातात, बस्स. रॅम, म्हणजे चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी, मोकळी होत नाही. (दाबत मीही असतो. बोटाला चाळा.)

मग पीसी रखडतो कशाने? चालू होतानाच मागे सुरू होणारे दहा प्रोग्रॅम, अपुरी रॅम, गच्च भरलेला सी ड्राइव्ह. आणि आपल्याकडे धूळ. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो, त्यात पंख्यात धूळ साचलेली. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला आपणहून वेग कमी करतो. आयकॉन पुसण्याऐवजी पंखा पुसा.

बाणाची किंमत एका पोराला चांगलीच कळली. केळीच्या विम्याचे कागद म्हणून त्याने डेस्कटॉपवरचा आयकॉन पेनड्राइव्हमध्ये कॉपी केला आणि जळगाव गाठलं. पेनड्राइव्हमध्ये आली होती पाटी. कागद यावलच्या पीसीतच. संध्याकाळच्या एसटीने परत.