वजनाइतकाच घाटही मोजा
ट्रेलर ओढायला पेट्रोल ट्रक घ्यावा की डिझेल, यावरच्या तुमच्या लेखातलं ‘ट्रेलर सहा टनांच्या आत असेल तर पेट्रोल ट्रक पुरेसा’ हे वाक्य सपाट टेक्ससमध्ये खरं असेल, आमच्या कोलोरॅडोत नाही. डेन्व्हरहून आय-७० महामार्गाने डोंगरातल्या आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत चढताना रस्ता 11,000 फुटांच्या वर जातो. टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) नसलेलं पेट्रोल इंजिन उंचावरच्या विरळ हवेत दर हजार फुटांमागे साधारण 3 टक्के ताकद गमावतं, म्हणजे वर पोचेपर्यंत जवळजवळ एक तृतीयांश गायब! टर्बो डिझेलला हा फटका फारच कमी बसतो. मिनी एक्स्कॅव्हेटरसकट (खोदाईचं छोटं यंत्र) पाच टनांचा ट्रेलर घेऊन मी दोन वर्षं पेट्रोल ट्रकने हा घाट चढलो, हळू गाड्यांच्या उजव्या लेनमध्ये, इंजिन किंचाळत. पण चढापेक्षा उतार जास्त घाबरवतो आणि त्याबद्दल लेखात एक अक्षर नाही. एकदा खाली पोचलो तेव्हा ब्रेकचा जळका वास केबिनमध्ये भरला होता. आता डिझेल ट्रकचा एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनानेच वेग रोखणारा) लावला की पायाखालचा ब्रेक क्वचितच दाबावा लागतो.

तरी दुसरा ट्रक मी मुद्दाम पेट्रोलच ठेवलाय. गावातल्या पाच-सात मैलांच्या फेऱ्यांत डिझेल इंजिन नीट तापत नाही, काजळी अडवणारा फिल्टर तुंबतो, आणि तो साफ करायचा खर्च इंधनाची सगळी बचत खातो. त्यामुळे नवा ट्रक घेणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारतो, रोजचा रस्ता कोणता?