मेट्रोला नगरसेवक हवेत : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. मागच्या लेखात मी लिहिलं होतं, की पुण्याची मेट्रो निवडणुकांच्या मुहूर्तांवर धावते आणि त्याची किंमत प्रवासी मोजतात. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : मेट्रो निवडणुकीमुळे बिघडली नाही, उलट निवडणुकीमुळेच झाली. तिला वर्षानुवर्षं अडवून धरलं ते महापालिकेतल्या मंडळींनी, आणि २०२२ नंतर नगरसेवकच नव्हते तेव्हा काम सगळ्यात वेगानं झालं. शेवटी तुम्ही लिहिलंय, की तुम्ही रोज वनाझहून रामवाडीला जाता, गाडी वेळेवर मिळते आणि फीत कोणी कधी कापली याच्याशी तुम्हाला देणंघेणं नाही.

पहिला मुद्दा बऱ्याच अंशी खरा आहे. दिल्ली मेट्रोनं पुण्याच्या मेट्रोचा प्रकल्प अहवाल २००९ मध्ये दिला. त्यानंतर मार्ग खांबांवरून (उन्नत) न्यायचा की जमिनीखालून, या वादात वर्षं गेली. दरम्यान नागपूर मागून येऊन पुढे गेलं. तिथलं भूमिपूजन ऑगस्ट २०१४ मध्ये झालं आणि मार्च २०१९ मध्ये गाडीही धावली. आपल्याला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती ७ डिसेंबर २०१६ ला. पुढच्या अडीच आठवड्यांत, २४ डिसेंबरला, पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं. २१ फेब्रुवारी २०१७ ला महापालिकेचं मतदान झालं आणि १६२ पैकी ९८ जागा जिंकून भाजप पहिल्यांदाच स्वबळावर सत्तेत आला. निवडणूक तोंडावर नसती तर ती फाइल डिसेंबरात इतक्या झपाट्यानं हलली असती, असं मलाही वाटत नाही.

पण भुयारी की उन्नत या वादाला तुम्ही सरसकट 'आडकाठी' म्हणता, ते मला मान्य नाही. स्वारगेट ते कात्रज हा साडेपाच किलोमीटरचा विस्तार आज संपूर्ण भुयारी मंजूर झाला आहे, मूळ मंजुरीत साधारण २,९५० कोटींचा. म्हणजे प्रश्न विचारणारे वेडे नव्हते. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला जी माणसं बसली होती, त्यांना उत्तरापेक्षा श्रेय कुणाला जाईल याची काळजी जास्त होती, ही खरी अडचण. आणि त्यात कुठलाही पक्ष मागे नव्हता.

आता तुमच्या देणंघेणं नसण्याबद्दल. तुमचा मार्ग सुरू आहे म्हणून तुम्हाला तसं म्हणता येतं. ज्यांचा मार्ग तयार होऊनही बंद होता, त्यांचा विचार करा. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाला होता. २६ तारखेला पंतप्रधान येणार होते. मुसळधार पावसामुळे दौरा रद्द झाला आणि गाड्या, कर्मचारी, सरकते जिने सगळं सज्ज असताना मार्गाला कुलूप राहिलं. विरोधकांनी आंदोलन केलं, तेही अर्थात विधानसभेवर डोळा ठेवूनच. अखेर २९ तारखेला दूरदृश्य प्रणालीवरून उद्घाटन झालं. 'तीनच दिवस तर होते,' असं तुम्ही म्हणाल. दिवस किती हा मुद्दा नाही. मंडईत उतरून कामाला जाणाऱ्या माणसाची सोय आणि पाहुण्यांची सोय यांत कुणाची आधी बघायची, हे त्या दिवसांत उघड दिसलं.

त्याहून मोठं उदाहरण ६ मार्च २०२२ चं. त्या दिवशी वनाझ ते गरवारे आणि पिंपरी ते फुगेवाडी असे दोन तुकडे सुरू झाले. दोन्ही मिळून बारा किलोमीटर, आणि एकमेकांना कुठेच न जोडलेले. महापालिकेची मुदत १४ मार्चला संपत होती. म्हणजे घाई का होती हे सांगायला नको. पण कोथरूडचा माणूस पाच किलोमीटर जाऊन गरवारेला उतरणार आणि तिथून पुढे पुन्हा रिक्षाच शोधणार, अशी ती मेट्रो होती. हे तुकडे जोडले गेले ते १ ऑगस्ट २०२३ ला. मधल्या दीडएक वर्षात 'मेट्रो रिकामी धावते' हे जे शहराच्या मनात बसलं, ते पुसायला किती कष्ट पडले हे तुम्ही रोजचे प्रवासी म्हणून पाहिलंच असेल.

आता तुमच्या सगळ्यात वजनदार मुद्द्याकडे येतो. इतर मंडळीही हेच बोलतात, म्हणून सविस्तर लिहितो. १५ मार्च २०२२ पासून महापालिकेवर प्रशासक आले. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात निवडणूक लांबत गेली आणि मतदान झालं थेट १५ जानेवारी २०२६ ला. या काळात मेट्रो बारा किलोमीटरवरून तेहतीसवर गेली. तुमचा निष्कर्ष : नगरसेवक नव्हते म्हणून काम झालं.

पण रूळ टाकणं हे नगरसेवकांचं काम कधी नव्हतंच. महामेट्रो ही केंद्र आणि राज्य यांची निम्म्या-निम्म्या भागीदारीची कंपनी आहे. तिचा कारभार मुख्य सभेच्या मंजुरीवर चालत नाही. नगरसेवकाचं काम सुरू होतं ते स्थानकाचा जिना जिथे संपतो तिथून. पदपथ, रस्ता ओलांडायची जागा, रिक्षाथांबा, पीएमपीची बस, दिवे, पावसाचं पाणी. आणि नेमकं हेच सगळं त्या चार वर्षांत मागे पडलं.

येरवड्याचं स्थानक आठवा. मार्च २०२४ मध्ये रामवाडीपर्यंत गाडी गेली, पण येरवड्याला थांबत नव्हती. स्थानकाचा जिनाच नगर रस्त्यात येत होता. तो पाडून दुसरीकडे घ्यावा लागला आणि स्थानक ऑगस्टमध्ये उघडलं. नगर रस्त्यावरच्या त्या कोपऱ्यात रोज वावरणाऱ्या कुठल्याही माणसाला आराखडा दाखवला असता, तर 'अहो, इथे जिना उतरवलात तर गाड्या जाणार कुठून?' हे त्यानं पहिल्या झटक्यात विचारलं असतं. हे विचारायला जो माणूस निवडून द्यायचा असतो, तोच नगरसेवक.

डेक्कनचं तसंच. स्थानक नदीपात्राच्या कडेला आहे. पलीकडे नारायण पेठ, शनिवार पेठ, शाळा, क्लासेस, दुकानं, म्हणजे खरे प्रवासी तिकडे. स्थानक सुरू झालं १ ऑगस्ट २०२३ ला. पेठांकडे जाणाऱ्या पादचारी पुलाच्या कामासाठी नदीपात्रातला भिडे पूल वाहनांना बंद केला गेला २०२५ मध्ये. स्थानक आधी आणि त्याची वाट मागाहून! पुलाच्या उद्घाटनाला फार मोठे पाहुणे येत नाहीत, म्हणून तो शेवटी. बंद पुलामुळे नदीच्या दोन्ही काठांवर जी कोंडी झाली ती सोसली पेठेतल्या लोकांनी, आणि विचारणार कुणाला? प्रशासकांना भेटायला वेळ घ्यावी लागते. नगरसेवक निदान सकाळी चहाच्या टपरीवर गाठता येतो.

तुम्ही म्हणाल, नगरसेवक असतानाही त्यांनी काय दिवे लावले? लकडी पुलाचं प्रकरण तुम्ही लिहिलंच आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये गणेश मंडळांनी तक्रार केली, की मेट्रोच्या पुलाखालून विसर्जनाचे रथ जाणार नाहीत. तेव्हाचे महापौर मुरलीधर मोहोळ यांनी काम थांबवायला सांगितलं, मुख्य सभेत गदारोळ झाला, आणि नंतर काम पुढे गेलं. हा वेळेचा अपव्यय होता हे कबूल. पण त्याचं कारण प्रश्न विचारला गेला हे नाही, तो चार वर्षं उशिरा विचारला गेला हे आहे. मिरवणूक त्या पुलावरून जाते हे २०१७ मध्येही सगळ्या पुण्याला ठाऊक होतं. तेव्हाच आराखडा मुख्य सभेसमोर नीट उलगडला असता तर मंडळांना आंदोलन करायची वेळच आली नसती. तेव्हा सभागृहाचं लक्ष 'स' यादीतल्या (नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या यादीतल्या) बाकड्यांकडे, पेव्हिंग ब्लॉककडे आणि नावाच्या फलकांकडे होतं. माझा राग यावर आहे. नगरसेवक असण्यावर नाही.

जानेवारी २०२६ च्या निवडणुकीतही तेच. दोन्ही राष्ट्रवादींनी मेट्रो आणि पीएमपी मोफत करू असं जाहीर केलं. सत्ताधाऱ्यांकडे खराडी ते खडकवासला आणि नळ स्टॉप ते माणिकबाग या नव्या मार्गांची केंद्राची मंजुरी होती, ती मिळाली नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस, मतदानाच्या जेमतेम सात आठवडे आधी. एक जण तिकीट माफ करतो, दुसरा नकाशावर रेघा वाढवतो. मेट्रोचं तिकीट ठरवायचा अधिकार महापालिकेला नाही, फार तर ती तिजोरीतून भरपाई देऊ शकते. पण पीएमपी तर पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांचीच कंपनी आहे. तुमच्या रामवाडी स्थानकाबाहेर गाडी सुटण्याच्या वेळेशी जुळणारी बस उभी करणं हे पूर्णपणे त्यांच्या हातात आहे. ते मात्र प्रचारात कुणी ठासून मांडताना मला दिसलं नाही.

आता नवं सभागृह आलं आहे, भाजपला स्पष्ट बहुमत आहे, केंद्रात आणि राज्यातही सत्ता त्यांचीच. अडवायला कुणी उरलं नाही, तेव्हा तुमच्या म्हणण्याप्रमाणे सगळं सुरळीत व्हायला हवं, आणि व्हावं अशी माझीही मनापासून इच्छा आहे. कात्रज मार्गावर बालाजीनगर आणि बिबवेवाडीची स्थानकं मूळ आराखड्यात नव्हती, लोकांनी मागणी लावून धरली म्हणून ती आली. सातारा रस्त्याच्या त्या गर्दीत या स्थानकांचे जिने कुठे उतरणार, पदपथ किती उरणार, बसथांबा कुठे जाणार, हे आराखडे कागदावर आहेत तोवर मुख्य सभेसमोर यायला हवेत. त्या प्रभागांतल्या नगरसेवकांना मी हे लिहून विचारणार आहे, आणि उत्तर आलं तर इथे देईन. वनाझ आणि रामवाडी या दोन टोकांना रोज काय अडतं ते तुमच्याइतकं मला माहीत नाही. तुम्ही सविस्तर लिहून पाठवलंत तर तेही त्या पत्राला जोडतो.