‘हेर्त्सलाइड’चा आवाज नुसता गिटारचा नव्हे

तुमच्या लेखात ‘हेर्त्सलाइड’ (1995) या अल्बमच्या दणक्याचं सगळं श्रेय गिटारला दिलंय, ते अर्धंच खरं. रामश्टाइन या जर्मन मेटल बँडने त्याचं रेकॉर्डिंग केलं स्टॉकहोमच्या पोलार स्टुडिओत, निर्माते याकोब हेलनर नि कार्ल-मिकाएल हेर्लोफसन. मिक्सिंग मात्र हॅम्बुर्गला, रोनाल्ड प्रेंटकडे. ते नाव लेखात नसणं खटकलं.

आता गिटारचंच बघा: ड्रॉप-डी ट्यूनिंगमध्ये सहावी, सगळ्यात जाड तार एक पूर्ण स्वर (ई वरून डी) खाली उतरते, म्हणून एका बोटात पॉवर कॉर्ड (मूळ स्वर आणि त्याचा पंचम) वाजते. पण ती तार सैल असते; जोरात मारली की सुरुवातीला स्वर वर चढतो. जाड तार लावायची नि हात आवरायचा.

खरी मेख सीक्वेन्सरशी, म्हणजे आधी भरून ठेवलेले इलेक्ट्रॉनिक सूर-ठोके ठरल्या वेळी वाजवणाऱ्या यंत्राशी, जुळण्यात आहे. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) त्याच्यापेक्षा वीसेक मिलिसेकंद जरी मागे पडली, तरी एकाऐवजी दोन ठोके ऐकू येतात आणि धक्काच विरतो. गिटारचं डिस्टॉर्शन (मुद्दाम आणलेली खरखर) वाढवून ते झाकलं जात नाही, उलट आवाजाचा चिखल होतो.