माझ्या वेणीला कुणी हात लावला नाही

सकाळपासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

विमानतळावर तपासणीच्या रांगेत माझ्यापुढे एक कृष्णवर्णीय बाई होत्या. साठीच्या असतील. बारीक बारीक वेण्या घालून वर घट्ट अंबाडा. स्कॅनरमधून बाहेर आल्या आणि हातमोजे घातलेली कर्मचारी त्यांच्या केसांत बोटं खुपसून चाचपायला लागली. सगळ्यांदेखत. बाईंनी डोळे मिटून घेतले. मग माझा नंबर आला. माझी कमरेपर्यंतची जाडजूड वेणी! तिला कुणी हातही लावला नाही.

अभ्यासक सिमोन ब्राउन यांच्या ‘डार्क मॅटर्स’ (२०१५) या कृष्णवर्णीयांवरच्या पाळतीबद्दलच्या पुस्तकात विमानतळावरच्या या केस चाचपण्याबद्दल लिहिलंय. वाचताना मी पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या. आज ते माझ्यापासून दोन हातांवर घडत होतं.

पाळत म्हटलं की आपण लगेच फोन, कॅमेरे, डेटा यांवर बोलतो आणि ‘सगळ्यांवरच नजर आहे’ म्हणून मोकळे होतो. सगळ्यांवर सारखी नाहीये हो! ब्राउन गोष्ट सुरू करतात ती गुलामगिरीपासून. १७१२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या गुलामांनी बंड केलं. पुढच्याच वर्षी शहराने कायदा केला: १४ वर्षांवरच्या कृष्णवर्णीय आणि मूलनिवासी गुलामांनी अंधार पडल्यावर गोऱ्या माणसाच्या सोबतीशिवाय रस्त्यावर यायचं तर पेटता कंदील हवा. नसेल तर कुणीही धरावं. म्हणजे हा कंदील वाट दिसावी म्हणून नव्हता, तो हातात घेऊन चालणारा दिसावा म्हणून होता. चौदा-पंधरा वर्षांचं पोर स्वतःच्याच पहाऱ्याचा दिवा हातात धरून चाललंय, हे चित्र मला सहन होत नाही.

आणि २०१४ मध्ये त्याच शहरात पोलिसांनी सरकारी घरांच्या वसाहतींत रात्रभर जळणारे प्रचंड दिवे आणून लावले. तिथे राहणारे बहुतेक कोण? कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाचे लोक.

दुपारी एका मैत्रिणीला हे सांगितलं, तर म्हणाली, ‘अगं, यंत्रानेच खूण दाखवली असेल.’ असेलही. सुरक्षा हवी, तेही मान्य. पण ते यंत्र बनवताना कुणाचे केस ‘नेहमीचे’ धरले होते? संशय कुणाच्या डोक्यावर घ्यायचा हे यंत्राला माणसांनीच शिकवलं ना? मग चाचपणाऱ्या हातांनी यंत्राकडे बोट दाखवायचं आणि सुटायचं, हे मला अजिबात पटत नाही. दुपारी मी तिच्यावर उगाच जोरात बोलले. तिचा हेतू वाईट नव्हता.

खरं तर राग तिच्यावर नव्हताच. तपासणी झाल्यावर त्या बाई बाकावर बसून, तोंडात पिना धरून अंबाडा पुन्हा बांधत होत्या. एक पिन माझ्या बुटाजवळ पडली. मी उचलून दिली. त्यांनी आधी माझ्या वेणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ‘थँक यू, बेबी’ म्हणाल्या. इतक्या मायेने म्हणाल्या. मला काहीतरी बोलायचं होतं. पण विमानाची घोषणा झाली आणि त्या बॅग उचलून निघूनही गेल्या.