‘खरी माहिती ओळखायचे सहा नियम’ हा मेसेज पुढे पाठवू नका

गेले दोन महिने आमच्या सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. वर दिव्याचं चित्र, खाली ‘प्रत्येक पालकाने जपून ठेवावं’ अशी सूचना आणि मध्ये सहा नियम. ते थोडक्यात असे: गूगलवर सगळ्यात वर येतं ते तपासलेलं असतं. साइटच्या पत्त्याजवळ कुलपाची खूण किंवा पत्त्याच्या शेवटी डॉट ऑर्ग (.org) असेल तर साइट भरवशाची. बातमीसोबत व्हिडिओ असेल आणि ती तीन-चार ग्रुपांवर आली असेल तर पक्की. विकिपीडिया कोणीही लिहितं, म्हणून उघडूच नये. शंका आली तर एआयला विचारावं, तो खोटं बोलत नाही. आणि इंटरनेटवर जे आहे ते सगळ्यांचं, बिनधास्त वापरावं.

हा मेसेज मला पहिल्यांदा मिरजेच्या आत्याने पाठवला. मी वाचला आणि सोडून दिला. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं. तीन आठवड्यांनी तिचा फ्रीज बंद पडला. तिने कंपनीचं नाव आणि ‘कस्टमर केअर नंबर’ असं टाइप केलं, सगळ्यात वर आलेला नंबर लावला. पलीकडचा माणूस अदबीने बोलला. तक्रार नोंदवायला दहा रुपये भरा म्हणाला, एक अ‍ॅप टाकायला लावलं, त्यातून तिच्या मोबाइलचा पडदा त्याला दिसायला लागला. अर्ध्या तासात खात्यातून १८,४०० रुपये गेले. मी चिडले तर म्हणाली, “अगं, मी नियमानंच वागले की. सगळ्यात वरचाच नंबर घेतला.”

म्हणून हे लिहितेय.

पहिला नियम इथेच संपतो. गूगल वर दिसणारा प्रत्येक नंबर फोन लावून तपासत नाही. तुमचे शब्द पानावर आहेत का, इतर किती पानं तिकडे बोट दाखवतात, अशा बऱ्याच गोष्टींवरून क्रम लागतो. सगळ्यात वरच्या जागा तर बऱ्याचदा पैसे देऊन मिळतात. तिथे ‘प्रायोजित’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि ६८ वर्षांच्या बाईच्या डोळ्यांना ते दिसत नाही. नकाशावर दुकानाचा जो फोन नंबर दिसतो, त्यात बदल कोणीही सुचवू शकतं. फ्रीजचा नंबर फ्रीजच्या बिलावर असतो, वॉरंटी कार्डावर असतो, तिथूनच घ्यायचा. आणि मोबाइलचा पडदा दुसऱ्याला दाखवणारं अ‍ॅप टाकायला सांगितलं की फोन तिथल्या तिथे ठेवायचा. अशा अ‍ॅपबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करायचा. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी केला, तोवर रक्कम दोन खात्यांतून पुढे गेली होती.

आता तिसरा नियम. आत्याचे पैसे गेले, तो फटका एका घराला बसला. या नियमाने माणसं मेली आहेत.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. ती माणसं भिक्षा मागत गावोगाव फिरणारी. गुन्हा काय, तर मुलं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज त्या भागात फिरत होते आणि हे अनोळखी होते. त्याच वर्षी देशभर एक व्हिडिओ फिरला: दोघं मोटरसायकलवरून येतात, गल्लीत खेळणारं पोर उचलतात आणि पळतात. त्यात दिसतं ते खरंच चित्रित केलेलं होतं, म्हणूनच तो व्हिडिओ जास्त घातक ठरला. मुलांना सांभाळा हे सांगण्यासाठी कराचीत बनवलेली ती जनजागृतीची फिल्म होती. मूळ फिल्मच्या शेवटी ते दोघं मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापला आणि उरलेल्या तुकड्याला आपापल्या गावाचं नाव दिलं.

धुळे लांब आहे असं कोणी म्हणू नये. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच जत तालुक्यातल्या लवंगा गावात, पंढरपूरला निघालेल्या उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना मुलं पळवणारे समजून काठ्या-पट्ट्यांनी मारलं. त्या दिवसांत ठिकठिकाणी तसल्याच अफवा फिरत होत्या. पोलिसांनी चौकशी केल्यावर ते खरे साधू निघाले. जीव वाचला एवढंच.

‘तीन-चार ग्रुपांवर आला’ हा पुरावा कसा होईल? एकाच माणसाने चार ठिकाणी टाकलेला मेसेज चारदाच दिसणार, त्याचे साक्षीदार चार होत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेजच्या डोक्यावर दोन बाण दिसतात, त्याचा अर्थ तो निदान पाच हातांतून पुढे सरकत आलाय. म्हणजे पाठवणाऱ्याला तो कोणी बनवला हे ठाऊक नाही. तिथे भरवसा कमी व्हायला हवा आणि हा मेसेज तो वाढवायला सांगतो.

पावसाळ्यात आपल्याकडे हे दरवर्षी होतं. २०१९ च्या महापुरातले व्हिडिओ नव्या तारखेने फिरतात, ‘आत्ताचं, सांगलीवाडी’ असं खाली लिहून, आणि नदीकाठची म्हातारी माणसं रात्री सामान माळ्यावर चढवतात. व्हिडिओ खरा असतो, दिवस खोटा असतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती हे रोज जाहीर होतं; ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, हे आकडे इथल्या पोराटोरांनाही पाठ आहेत. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आजचा आकडा ३० असेल तर घरात पाणी शिरल्याचा तो व्हिडिओ आजचा नाही, हे कळायला तेवढं पुरतं.

कुलूप आणि डॉट ऑर्गचं काय? कुलपाचा अर्थ इतकाच की तुमच्या आणि त्या साइटच्या मध्ये कोणी चोरून वाचत नाही. पलीकडे बसलाय तोच चोर असेल तर कुलूप काय करणार? लोक याचा भलताच अर्थ लावतात हे दिसल्यामुळे गूगलने २०२३ मध्ये क्रोम या आपल्या ब्राउझरमधून ती कुलपाची खूणच काढून टाकली. आणि डॉट ऑर्गने संपणारा पत्ता कोणीही विकत घेऊ शकतं.

याबद्दलचा एक अभ्यास मी वाचनालयात येणाऱ्या प्रत्येक पालकाला सांगते. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅक्ग्रू यांनी ४५ जणांना संगणकासमोर बसवलं: दहा इतिहासाचे पीएच.डी., दहा व्यावसायिक फॅक्ट-चेकर (म्हणजे माहिती खरी की खोटी हे तपासणं हेच ज्यांचं काम), पंचवीस त्याच विद्यापीठाचे विद्यार्थी. २०१७ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांच्या साइट दाखवल्या, दोन्ही डॉट ऑर्ग, दोन्ही टापटीप, नावंही सारखीच. एक १९३० पासूनची, हजारो डॉक्टरांची. दुसरी २००२ मध्ये तिच्यातून फुटलेल्या छोट्या गटाची. निम्म्याहून जास्त विद्यार्थ्यांनी फुटलेल्या गटाची साइट जास्त भरवशाची ठरवली. पीएच.डी. झालेलेही काही गोंधळले. फॅक्ट-चेकर मात्र एकही चुकला नाही, कारण ते त्या पानावर थांबलेच नाहीत. त्यांनी शेजारी नवी खिडकी उघडली आणि ही संघटना कोणाची, तिच्याबद्दल इतर काय म्हणतात, हे शोधलं. सोयरीक जमवताना आपण मुलाकडच्यांनी दिलेल्या कागदावर थांबत नाही, त्यांच्या गावात चौकशी करतो, अगदी तसंच. मेसेजमधले सगळे नियम त्या कागदाचीच सजावट बघायला सांगतात.

विकिपीडियाबद्दल अर्धी गोष्ट खरी आहे, ती मान्य. कोणीही लिहू शकतं, आणि मराठी विकिपीडियावरचे कित्येक लेख चार ओळींचे, बिनसंदर्भाचे आहेत. पण लेखाखाली संदर्भ असतात, कोणी कधी काय बदललं याचा इतिहास उघडा असतो. लेखावर विसंबू नका, त्याच्या तळाचे संदर्भ उघडा. वाईला तयार झालेला मराठी विश्वकोशही आता इंटरनेटवर फुकट वाचता येतो. त्यातले सुरुवातीचे खंड १९७० च्या दशकातले, तेव्हा व्याख्या जरूर घ्या, लोकसंख्येचे आकडे नकोत.

एआय खोटं बोलत नाही म्हणे! २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांनी चॅटजीपीटी या एआयने दिलेले निकाल कोर्टात सादर केले. असे खटले कधी झालेच नव्हते. कोर्टाने ५,००० डॉलर दंड केला. पुढे बोलायची गरज नाही.

शेवटचा नियम मुलांना चोरी शिकवतो. १९५७ चा कॉपीराइट कायदा इंटरनेटवरच्या लेखालाही लागू आहे आणि फोटोलाही. शाळेच्या अभ्यासासाठी थोडं घ्यायला त्यात वाट आहे. दुकानाच्या फलकावर दुसऱ्याचा फोटो छापायला नाही. ‘साभार’ लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असंही नाही. विकिपीडियावरचा मजकूर नाव आणि परवाना नोंदवून वापरता येतो, ती मुभा लिहिणाऱ्यांनीच दिलेली आहे.

हे सगळं मी आत्याला बसून सांगितलं. तिने ऐकलं, आणि काल रात्री तो मेसेज जिथे जिथे पाठवला होता त्या प्रत्येक ग्रुपवर स्वतः लिहिलं: “मी पाठवलेले नियम चुकीचे आहेत. पहिला नियम पाळून माझे १८,४०० रुपये गेले.” सकाळपर्यंत तिला दोघींचे फोन आले होते. त्यांचेही असेच गेले होते. एकीने तर अजून घरात सांगितलेलं नव्हतं.